‘लेडी बी गुड’ : एका आकड्याचे दोन अर्थ

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आज आपण एका विमानाबद्दल बोलणार आहोत. दुसऱ्या महायुद्धात हजारो बॉम्बर विमानं पडली. त्यातली बहुतेक शत्रूच्या तोफांनी किंवा लढाऊ विमानांनी पाडली. आजचं विमान कोणी पाडलं नाही. त्यावर एक गोळी लागली नव्हती. ते रात्री आपल्या तळाच्या वरून पुढे निघून गेलं आणि पेट्रोल संपेपर्यंत वाळवंटात उडत राहिलं. आतल्या नऊ जणांना शेवटपर्यंत वाटत होतं की खाली समुद्र आहे. तळावरच्या लोकांनाही तेच वाटलं, आणि नंतर शोधायला गेलेल्यांनाही. एकच चुकीची समजूत तीन ठिकाणी कशी पक्की बसली, हे आज समजून घ्यायचं आहे.

विमानाचं नाव ‘लेडी बी गुड’. अमेरिकन बनावटीचं बी-२४ लिबरेटर, चार इंजिनांचं. या जातीची अठरा हजारांहून जास्त विमानं तयार झाली. आपल्याकडेही हे नाव काहींना आठवत असेल. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८पर्यंत वापरली. १९५१मध्ये हवाई दलाची सहावी स्क्वाड्रन पुण्यात पुन्हा उभी राहिली, ती याच विमानांवर. हे जाता जाता सांगितलं. आपलं विमान लिबियातलं आहे.

४ एप्रिल १९४३. उत्तर आफ्रिकेतलं युद्ध शेवटाकडे आलं होतं. बेनगाझीच्या दक्षिणेला सुलूक नावाच्या ठिकाणी अमेरिकन हवाई दलाचा ३७६वा बॉम्बर गट होता. त्या दिवशीचं काम होतं, भूमध्य समुद्र ओलांडून इटलीतल्या नेपल्स बंदरावर बॉम्ब टाकणं. दुपारी पंचवीस विमानं निघाली. त्याच वेळी वाळूचं वादळ सुटलं. वाळू इंजिनात गेल्यामुळे काही विमानं अर्ध्या वाटेतून परत फिरली. ‘लेडी बी गुड’ शेवटी शेवटी उडालेल्यांपैकी होतं, त्यामुळे ते मुख्य थव्याच्या मागे पडलं.

आत नऊ जण. वैमानिक लेफ्टनंट विल्यम हॅटन, सहवैमानिक रॉबर्ट टोनर, मार्ग ठरवणारा नॅव्हिगेटर हेज, बॉम्बचा नेम धरणारा जॉन वोरावका, फ्लाइट इंजिनिअर रिपस्लिंगर, रेडिओवर लामॉट, आणि शेली, मूर, ॲडम्स हे तिघे गनर. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, पुढे लागतील तशी पुन्हा सांगू. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही त्यांची, एक गट म्हणून, पहिलीच मोहीम होती.

संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला ते नेपल्सच्या आसपास पोचले. पंचवीस हजार फुटांवर, अंधार पडलेला, खालचं काही दिसेना. लक्ष्य दिसत नसेल तर बॉम्ब टाकायचे नाहीत असा शिरस्ता होता. त्यांनी विमान वळवलं, बॉम्ब समुद्रात सोडून वजन कमी केलं आणि एकटेच परतीला लागले. ती अमावास्येची रात्र होती. वर चंद्र नाही, खाली युद्धामुळे दिवे नाहीत. समुद्र आणि जमीन दोन्ही सारखीच काळी.

आता मुख्य मुद्दा येतो. इथे जरा सावकाश जाऊ.

रात्री बारा वाजून बारा मिनिटांनी हॅटनने रेडिओवरून बेनिनाच्या केंद्राला विचारलं, माझी दिशा सांगा. बेनिना म्हणजे बेनगाझीजवळचा विमानतळ, सुलूकपासून फार लांब नाही. हॅटनने सांगितलं की विमानातलं आपोआप दिशा दाखवणारं यंत्र चालत नाहीये. मग जमिनीवरच्या केंद्राने त्याचा रेडिओ संदेश पकडून तो कुठल्या बाजूने येतोय ते मोजलं आणि आकडा सांगितला : ३३०.

हा आकडा म्हणजे काय? उत्तर दिशा शून्य धरायची आणि घड्याळाच्या काट्यासारखं फिरत जायचं. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. म्हणजे ३३० ही वायव्येकडची, पण उत्तरेला झुकलेली दिशा. नकाशा घेऊन बेनगाझीपासून नेपल्सपर्यंत पट्टी ठेवली, तर ती जवळजवळ नेमकी ३३०वर येते. म्हणजे केंद्राला जे उत्तर यायला हवं होतं तेच आलं. विमान नेपल्सहून येतंय, ३३०वर आहे, समुद्रावर आहे, सरळ येत राहिलं की पोचेल. सगळं जुळलं. शंका घ्यायला जागाच उरली नाही.

पण दिशा मोजायचं साधन कसं होतं ते बघू. ते एक गोल वेटोळ्याचं एरियल असतं. तुमच्यापैकी ज्यांनी ट्रान्झिस्टर वापरलाय त्यांना हे चटकन कळेल. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना आवाज बारीक झाला की आपण ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवायचो. एका ठिकाणी आवाज स्पष्ट, आणखी थोडा फिरवला की एकदम बसायचा. आवाज जिथे बसतो त्यावरून स्टेशनची दिशा सांगता येते. पण फिरवत राहिलात तर अर्ध्या फेऱ्यानंतर आवाज पुन्हा तसाच बसतो. ट्रान्झिस्टरला समोर आणि पाठ कळत नाही. त्याला फक्त एक रेघ कळते. स्टेशन रेघेच्या या टोकाला की त्या टोकाला, हे तो सांगू शकत नाही.

वेटोळ्याच्या एरियलचंही तेच. बेनिनाला जो आकडा मिळाला तो खरं तर ‘३३० किंवा १५०’ असा होता. १५० म्हणजे बरोबर उलटी दिशा, आग्नेय. त्या बाजूला समुद्र नाही, लिबियाचं वाळवंट आहे. कोणतं टोक खरं हे एरियल सांगत नाही, ते माणसाने ठरवायचं असतं. आणि माणसाने तेच ठरवलं, जे आपण सगळ्यांनी ठरवलं असतं. विमान उत्तरेकडून येणार आहे ना? मग ते उत्तरेलाच असणार.

ते उत्तरेला नव्हतं. ते तळाच्या वरून पुढे गेलं होतं. तळावरून प्रकाशगोळे सोडले होते, ते त्यांना दिसले नाहीत. पुढे विमानाचा सांगाडा सापडला तो बेनिनापासून १५०च्या रेघेवर. नेपल्स, बेनिना आणि तो सांगाडा या तीन खुणा नकाशावर जोडल्या तर जवळपास सरळ रेघ मिळते. हेजने दिशा चुकवलेली नाही. नवखा नॅव्हिगेटर म्हणून सगळं खापर त्याच्यावर फोडणारे लेख आम्ही पुष्कळ वाचलेत. पण अमावास्येच्या रात्री, पहिल्याच मोहिमेत, इतकी सरळ रेघ धरणाऱ्या माणसाला नवशिका म्हणायला आमची जीभ रेटत नाही. दिशा बरोबर होती. थांबायचं कुठे, ते चुकलं.

तुम्ही म्हणाल, घड्याळ होतं की. होतं. नेपल्स ते बेनगाझी अंतर साधारण ११०० किलोमीटर. लिबरेटरच्या नेहमीच्या वेगाने साडेतीन तासांच्या आत-बाहेर तळ यायला हवा. बारा वाजून बारा मिनिटांनी नेपल्स सोडून चार तास उलटून गेले होते. हा हिशेब खुर्चीत बसून सोपा आहे. विमानात बसलेल्या माणसाला आपण लक्ष्य शोधताना किती वेळ घालवला, वारा समोरून आहे की मागून, याचा नेमका अंदाज नसतो. अंधारात वारा दिसत नाही. वारा मागून ढकलत असेल तर विमान ठरल्यापेक्षा लवकर पुढे जातं आणि आतल्या माणसाला ते जाणवत नाही.

उलट्या बाजूनेही हिशेब करून बघा. बारा-बारापासून दोन वाजेपर्यंत, म्हणजे पावणेदोन तासांहून जरा जास्त, ते उडत राहिले. त्या वेळात लिबरेटर साधारण ३६० मैल जातं. सांगाडा तळापासून सुमारे ४४० मैलांवर सापडला. म्हणजे हॅटनने दिशा विचारली त्या क्षणी तो तळ ओलांडून पुढे गेलेला होता. त्याने विचारलं ते उशिरा विचारलं, आणि उत्तर आलं ते त्याच्या मनातलंच आलं.

दुसरं केंद्र असतं तर? दोन ठिकाणांहून दोन रेघा मारल्या असत्या, त्या जिथे छेदतात तिथे विमान. किंवा त्याच केंद्राने थोड्या वेळाने पुन्हा मोजलं असतं आणि संदेश क्षीण होत चाललाय हे पाहिलं असतं. हे उपाय तेव्हाही माहीत होते. पण पुन्हा मोजायचं तर आधी संशय यावा लागतो, आणि उत्तर मनासारखं आलं की संशय येत नाही.

रात्री दोनच्या सुमाराला पेट्रोल संपत आलं. नऊ जणांनी पॅराशूटने उड्या मारल्या. अंगात लाइफ जॅकेटं होती, कारण खाली पाणी असणार होतं. पाय लागले ते खडीसारख्या कडक जमिनीला.

विमान मात्र पडलं नाही लगेच. तीन इंजिनं बंद, एक चालू, आत कोणी नाही, अशा अवस्थेत ते आणखी सोळा मैल गेलं आणि पोटावर घसरत थांबलं. बराचसा सांगाडा शाबूत राहिला.

खाली उतरलेले आठ जण शिट्या, बंदुकीचे आवाज, प्रकाशगोळे यांच्या साहाय्याने एकमेकांना सापडले. नववा, वोरावका, सापडला नाही. त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं, हे सतरा वर्षांनी कळलं. आठ जणांनी त्याची वाट पाहिली, मग चालायला लागले. कुठे? वायव्येला. कारण समुद्र तिकडे, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे जवळच होता. आठ जणांत मिळून पाण्याची एक अर्धी बाटली होती. माणशी दिवसाला एक झाकणभर.

सहवैमानिक टोनरने रोजनिशी ठेवली होती. रिपस्लिंगरनेही ठेवली होती. टोनरच्या नोंदी चार-दोन ओळींच्या आहेत. आम्ही त्या शब्दशः वाचून दाखवणार नाही, मजकूर सांगतो. पहिल्या दिवशी तो लिहितो की जॉन सापडत नाही, बाकी सगळे आहेत. मग पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं असा नेम. दुपारी ऊन असह्य, सावली नाही, विमान कुठे दिसत नाही. रात्री इतकी थंडी की झोप नाही. चौथ्या दिवशी, म्हणजे ८ एप्रिलला, कडक जमीन संपली आणि वाळूच्या टेकड्या लागल्या. लामॉटला दिसेनासं झालं, इतरांचे डोळेही खराब झाले. ९ तारखेला शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. बाकीच्या पाच जणांत चालायची ताकद उरली नव्हती. १० तारखेच्या नोंदीत दोन पक्षी दिसल्याचा उल्लेख आहे. ११ तारखेला तो लिहितो की पाणी असतं तर जमलं असतं. शेवटची नोंद १२ एप्रिलची, अगदी छोटी : मदत नाही, रात्र फार थंड.

समुद्र चारशे मैल लांब होता.

इकडे तळावर त्या रात्रीची बाकी सगळी विमानं कुठे ना कुठे सुखरूप उतरली होती. एकच आलं नाही. शेवटची नोंद काय, तर ३३०, म्हणजे समुद्रावर. शोध झाला तो समुद्राच्या बाजूला. काही सापडलं नाही. विमान भूमध्य समुद्रात बुडालं अशी नोंद झाली. वर्षभराने नऊ जणांना मृत घोषित केलं गेलं. वाळवंटात कोणी गेलं नाही, आणि जायला काही कारणही कागदावर नव्हतं.

पुढची पंधरा वर्षं काही नाही. १९५८मध्ये लिबियात तेलाचा शोध सुरू होता. तेल कंपन्यांच्या विमानांना वाळवंटात एक मोठं विमान पोटावर पडलेलं दिसलं. त्रिपोलीजवळच्या अमेरिकन हवाई तळाला कळवलं, तर तिथून उत्तर असं की या भागात आमचं एकही विमान हरवलेलं नाही. कागदाप्रमाणे ते खरंच होतं! १९५९च्या सुरुवातीला सर्वेक्षण करणारं एक ब्रिटिश पथक जमिनीवरून तिथे पोचलं, तेव्हा नाकावर नाव दिसलं. कोरड्या हवेत काहीच सडलं नव्हतं. मशीनगन चालत होती. रेडिओ चालू होत होता. थर्मासमध्ये पेय होतं आणि ते पिण्याजोगं होतं. खायचे डबे होते, पाणी होतं. पॅराशूट मात्र एकही नव्हतं, आणि माणूस एकही नव्हता.

अमेरिकन लष्कराने त्या वर्षी शोध घेतला. वायव्येच्या वाटेवर फ्लाइंग बूट मिळाले, बाणासारखे मांडून ठेवलेले. पॅराशूटचे तुकडे दगड ठेवून पसरलेले मिळाले. मागून शोधायला कोणी येईल तर त्याला दिशा कळावी म्हणून. पण वाळूच्या टेकड्या सुरू झाल्यावर खुणा संपल्या. तज्ज्ञांचा अंदाज असा की इतक्या कमी पाण्यावर माणसं याहून फार पुढे जाऊच शकत नाहीत, तेव्हा जवळपासच कुठे वाळूखाली असतील.

तोही अंदाज चुकला. फेब्रुवारी १९६०मध्ये तेलवाल्यांनाच पाच मृतदेह सापडले : हॅटन, टोनर, हेज, लामॉट, ॲडम्स. चालायला सुरुवात केली तिथून सुमारे ऐंशी मैलांवर, सगळे एका ठिकाणी. टोनरची रोजनिशी तिथेच मिळाली. मे महिन्यात शेली आणि रिपस्लिंगर सापडले, तेही त्या पाच जणांच्या पुढे वीस मैलांहून अधिक अंतरावर. म्हणजे शेली एका झाकण पाण्यावर शंभराहून अधिक मैल चालला. ऑगस्टमध्ये वोरावका सापडला, नीट न उघडलेल्या पॅराशूटसह.

आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन-तीन बघतो.

पहिला प्रश्न : ते उलट्या दिशेने विमानाकडे का गेले नाहीत? सोळा मैल म्हणजे पहिल्या दिवशीचंच चालणं होतं, आणि विमानात पाणी, अन्न, चालू रेडिओ होता. बरोबर आहे. पण विमान कुठे पडलं ते त्यांना दिसलं नव्हतं. पेट्रोल संपलेलं विमान शाबूत उतरेल असं कोणी कशाला मानेल? आणि त्यांच्या डोक्यातला नकाशा बघा. त्या नकाशात समुद्रकिनारा एक-दोन दिवसांच्या वाटेवर होता. मरू घातलेल्या विमानाच्या मागे आत वाळवंटात जायचं की किनाऱ्याकडे जायचं? त्यांच्याजवळ होती त्या माहितीवर त्यांचा निर्णय शहाणपणाचाच होता. ते शिस्तीने चालले, पाणी मोजून प्यायले, खुणा ठेवल्या, एकमेकांना सोडलं नाही. एकच गोष्ट चुकीची होती, ती रात्री बारा वाजून बारा मिनिटांनी पक्की झालेली.

दुसरा प्रश्न : बेनिनाच्या ऑपरेटरला शिक्षा झाली का? शिक्षेचा प्रश्न येण्यासाठी चूक झाली हे कळायला हवं. पंधरा वर्षं सगळ्यांच्या लेखी विमान समुद्रात होतं. तेव्हा चूक कोणाची, हा प्रश्नच निघाला नव्हता. आमचं विचाराल तर आम्ही त्या माणसालाही एकट्याला दोषी धरणार नाही. त्याने यंत्र वाचलं, आकडा सांगितला. आकड्याबरोबर ‘किंवा उलटी बाजू’ हे दोन शब्द सांगायची पद्धत त्या रात्री कोणीच पाळली नाही, आणि विचारणाऱ्यानेही विचारलं नाही.

तिसरी चिठ्ठी शापाबद्दल आहे. अपेक्षित होती! या विमानाचे सुटे भाग दुसऱ्या विमानांत बसवले आणि त्या विमानांना अपघात झाले, अशी कथा आहे. त्यातल्या एका छोट्या विमानाच्या अपघातात दहा जण गेले, हे खरं. त्यात या लिबरेटरच्या खुर्चीचा हात होता असं सांगतात. खुर्चीच्या हाताने विमान पडत नाही. ही कथा लोकांना आवडते आणि ३३०ची गोष्ट कोणी विचारत नाही, याचं आम्हाला जरा वाईट वाटतं.

शेवटचं, विमानाचं पुढे काय झालं? बरीच वर्षं ते तिथेच होतं. येणारे-जाणारे भाग काढून नेत राहिले. १९९४मध्ये लिबियन लोकांनी उरलेला सांगाडा उचलून तोब्रुकजवळच्या लष्करी तळावर नेला. नऊपैकी आठ जण अमेरिकेत आपापल्या गावी पोचले. व्हर्नन मूर, जो शेली आणि रिपस्लिंगरबरोबर पुढे निघाला होता, त्याची अधिकृत नोंद आजही बेपत्ता अशीच आहे.